विद्यापीठाच्या नावाआधी कॉलेजचा इंग्रजी विभाग बघा



बारावीचा निकाल लागला की इंग्रजी घेऊन बी.ए. करू पाहणारी मुलं ठरलेला प्रश्न घेऊन येतात. "सर, पुणे विद्यापीठ चांगलं की मुंबई? की सरळ दिल्लीचाच फॉर्म भरू?" पालकांचा प्रश्न त्याहून थेट असतो, "नाव कुठल्या विद्यापीठाचं चालेल?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. बी.ए.साठी आपण विद्यापीठाच्या नावाला नको तेवढी किंमत देतो. ज्या कॉलेजात तीन-चार वर्षं बसायचं, तिथला इंग्रजी विभाग कसा आहे हे मात्र कुणी विचारत नाही.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई विद्यापीठाचं कार्यक्षेत्र मुंबईपुरतं नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्यातच येतात. म्हणजे सावंतवाडीच्या संलग्न कॉलेजात शिकलात काय आणि मुंबईतल्या संलग्न कॉलेजात शिकलात काय, पदवीवर नाव १८५७ साली स्थापन झालेल्या त्याच विद्यापीठाचं. पुण्याचंही तसंच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. वर्गात उभं राहून शिकवतं ते कॉलेज! मग एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि दोन वेगळ्या विद्यापीठांची दोन चांगली कॉलेजं जवळपास सारखीच असू शकतात. खरी निवड तिथे आहे.

स्वायत्त कॉलेजांची गोष्ट थोडी वेगळी. मुंबईच्या सेंट झेवियर्सला २०१० साली स्वायत्तता मिळाली, नंतर इतर अनेक कॉलेजांना मिळाली. ही कॉलेजं अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका स्वतः काढतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. तिथे "सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवर बघतो" असं म्हणून भागत नाही, कॉलेजच्या साइटवरचाच बघावा लागतो.

मग विभाग बघायचा म्हणजे नेमकं काय बघायचं? पहिली गोष्ट, इंग्रजी तिथे 'मेजर' म्हणून घेता येते का. हसू नका. सक्तीची इंग्रजी प्रत्येक कॉलेजात असते, पण मेजर इंग्रजी (आमच्या वेळचं 'स्पेशल इंग्लिश') प्रत्येक ठिकाणी नसते. प्रवेश घेतल्यावर हे कळलं तर वर्ष हातातून जातं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळतं आणि पुढे एम.ए. एका वर्षात होतं. तेव्हा चौथ्या वर्षाची सोय त्याच कॉलेजात आहे की नाही, हेही आत्ताच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावर शिकवणारे कमी शिकवतात असं मी अजिबात म्हणत नाही. उलट काही जण जीव ओतून शिकवतात. पण ज्याची नेमणूकच वर्षापुरती असते, तो पुढच्या वर्षी तुमच्यासाठी तिथे असेल का, हे त्यालाही माहीत नसतं. सबंध विभागच अशा नेमणुकांवर चालत असेल, तर तुमचं लिखाण वर्षानुवर्षं बघणारं माणूस तुम्हाला मिळत नाही.

आणि इंग्रजीच्या पदवीत सगळा खेळ लिखाणाचाच असतो. माझ्या लेखी चांगल्या विभागाची एकच खरी खूण आहे. तिथे मुलांकडून स्वतःच्या वाक्यांत लिहून घेतात का, आणि ते लाल शाईने तपासून परत देतात का? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठा आणि विचारा, "गेल्या सहा महिन्यांत तू इंग्रजीत किती निबंध लिहिलेस? सरांनी त्यावर काय लिहून दिलं?" तो गोंधळला तर समजून घ्या. गाईडमधली उत्तरं पाठ करून पास होता येतं, फर्स्ट क्लासही मिळतो. पण तीन वर्षं शेक्सपिअर 'करून' स्वतःचा एक परिच्छेद धड लिहिता येत नाही, अशी मुलं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. दोष त्यांचा नसतो. त्यांना कुणी लिहायलाच लावलेलं नसतं.

ग्रंथालयातही एक चक्कर मारा. अभ्यासक्रमातल्या नाटक-कादंबऱ्यांच्या मूळ प्रती कपाटात आहेत का, आणि त्या घरी मिळतात का? नुसती गाईडंच झिजलेली दिसली, तर तिथे वाचन कसं चालतं ते कळलंच. इमारत किती चकचकीत आहे याला काही अर्थ नाही. नॅकच्या ग्रेडचंही तसंच. ती सबंध संस्थेला मिळते, इंग्रजी विभागाला वेगळी मिळत नाही.

अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका विद्यापीठांच्या साइटवर असतात. दोन विद्यापीठांच्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. कुठे भाषाविज्ञानावर भर असतो, कुठे समीक्षेवर, कुठे भारतीय लेखकांना जास्त जागा. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तुम्ही मराठीत वाचलं असेल, तर तेच इंग्रजी अनुवादात अभ्यासायला काय मजा येते ते कळेल. प्रश्नपत्रिकेत त्याच त्या टिपा आलटून-पालटून येत असतील, तर पाठांतर चालतं. न वाचलेला उतारा देऊन त्यावर लिहायला सांगितलं असेल, तर त्या परीक्षेला मी मान देतो.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. बी.ए. इंग्रजी म्हणजे स्पोकन इंग्लिशचा क्लास नव्हे. "मुलगी फाडफाड बोलायला लागेल" म्हणून हा विषय घ्यायला लावू नका. इथे कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि भाषेचा अभ्यास असतो. बोलणं सुधारतं, पण ते वाचन-लिखाणाच्या पाठोपाठ.

मराठी माध्यमातली मुलं इथे बिचकतात. बिचकू नका. कोकणातल्या धालवलीत जन्मलेले विंदा करंदीकर आणि खानदेशातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे, दोघांनीही अनेक वर्षं इंग्रजी शिकवली. विंदांनी 'किंग लिअर' मराठीत आणलं. मराठी पक्की असलेल्या मुलाला साहित्य कशाशी खातात हे आधीच माहीत असतं. त्याला वेळ लागतो तो वाक्यरचनेत, आणि तो वेळ देणारा शिक्षक हवा असतो. म्हणूनच मी विभागाबद्दल एवढं टुमणं लावतोय.

आता दिल्ली. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवीचे प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात. बारावीला किती टक्के मिळाले यावर नाही. तिथलं इंग्रजी ऑनर्स उत्तमच, यात वाद नाही. पण वसतिगृह मिळालं नाही तर खोलीभाडं, मेसचा खर्च, आणि वर्गातली बहुतेक मुलं लहानपणापासून इंग्रजी माध्यमातली. घरची परिस्थिती बेताची असेल तर अठराव्या वर्षी कर्ज काढून जाण्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी चांगला विभाग शोधून बी.ए. करावं आणि एम.ए.ला बाहेर पडावं, असं मला वाटतं. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती दोन्ही हातात असतील तर मात्र जरूर जा, मी अडवणार नाही.

कारण एम.ए.ला हिशोब उलटा होतो. विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात शिकलात, तर तिथे विद्यापीठच तुम्हाला शिकवतं. पुण्याचं जयकर ग्रंथालय, संशोधन करणारे प्राध्यापक, वेगवेगळ्या गावांहून आलेली मुलं, हे सगळं तेव्हा तुमच्या वाट्याला येतं. हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ, म्हणजे इफ्लू, हे तर भाषांसाठीच आहे. १९५८ साली ती संस्था सुरू झाली, २००७ साली केंद्रीय विद्यापीठ झालं. इंग्रजी शिकवण्याचंच शास्त्र शिकायचं असेल तर त्याचा विचार करा. केंद्रीय विद्यापीठांतल्या बऱ्याच एम.ए. प्रवेशांसाठी सीयूईटी-पीजी द्यावी लागते, काही ठिकाणी स्वतःची प्रवेश परीक्षा असते. ही तयारी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावी लागते, निकालानंतर धावपळ करून उपयोग नाही. आणि लांब गेलं तरच माणूस मोठा होतो असंही नाही. गणेश देवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकले. पुढे बडोद्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि देशभरच्या भाषांचं लोकसर्वेक्षण त्यांनी उभं केलं.

नोकरी करत शिकणाऱ्यांनी, किंवा लग्नानंतर शिक्षण अर्धवट राहिलेल्या ताईंनी, इग्नूला कमी लेखू नये. तिथे बी.ए. ऑनर्स इंग्रजीही आहे आणि एम.ए.ही. प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीच्या सत्रांना होतात. मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीइतकीच धरली जाते. फक्त त्या विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी यूजीसीची मान्यता आहे ना, हे तपासा. शिवाय इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट वाचायला मिळतात. तुम्ही कुठल्याही विद्यापीठात असा, मोबाइलवर ती उतरवून घ्या. साध्या इंग्रजीत लिहिलेली आहेत, गाईडपेक्षा कितीतरी बरी.

पालकांच्या 'नाव चालेल का' या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. शाळेत शिकवायचं असेल तर बी.एड. लागतं, आणि त्याच्या प्रवेशाला खुल्या गटात पदवीला ५० टक्के हवेत. प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट किंवा सेट. सेटच्या पेपरात तुमचं विद्यापीठ कुठलं, हा प्रश्न नसतो. खासगी कंपनीत, अनुवादाच्या कामात, वर्तमानपत्रात तर समोर बसवून एक पान लिहायला सांगतात आणि तेच पान बघतात.

तेव्हा प्रवेशाची मुदत संपायच्या आत एक दिवस काढा. दोन-तीन कॉलेजांत स्वतः जाऊन या, आईबाबांनाही सोबत न्या. ऑफिसातून फीचा कागद घेऊन लगेच परत फिरू नका. इंग्रजी विभागाची खोली शोधा, आत जो कोणी शिक्षक असेल त्याला नमस्कार करा आणि मागच्या सत्रात मुलांनी लिहिलेले, तपासलेले दोन-चार कागद बघायला मागा.