शिरगणती

मे महिन्यातील बालशिबिर आटोपले की आमच्या धर्मग्रामांच्या पत्रकांतून एक ठरावीक वाक्य छापून येते: इतक्या इतक्या मुलांनी शिबिराचा लाभ घेतला. गेल्या वर्षी आमच्याही पत्रकात ते आले, आणि ते आम्हीच लिहिले होते. आकडा १८४ होता. समारोपाला मंडप भरला, नाच झाले, पदके वाटली गेली, आणि पालकांनी जाताना आमचे आभार मानले.

चार दिवसांनी एका आजारी आजींना पवित्र कम्युनियन देण्यास गेलो असता त्यांच्या सात वर्षांच्या नातवाने शिबिराचा आपला वृत्तांत आम्हांस ऐकविला. तिसऱ्या दिवशी त्याची चड्डी ओली झाली. शौचालयापाशी रांग होती. त्याच्या गटाची ताई त्या दिवशी आली नव्हती आणि तिच्या जागी कोण, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेव्हा तो सभागृहामागच्या कट्ट्यावर उन्हात जाऊन बसला आणि चड्डी वाळेपर्यंत तेथेच बसून राहिला. खाऊची घंटा झाली तरी उठला नाही. "मला कुणी हाक नाही मारली, फादर," तो म्हणाला. सुरात तक्रार नव्हती. शिबिरात असेच असते, अशी त्याची समजूत झाली होती.

१८४ च्या आकड्यात तोही मोजला गेला होता.

हा प्रसंग आम्ही दोन-तीन धर्मगुरुबंधूंना सांगितला. एक हसले. दुसऱ्यांनी, मुलांचे असे व्हायचेच, म्हणून विषय बदलला. म्हणूनच हे लिहिणे भाग पडले आहे. आमचे म्हणणे असे, की आपण मनोरंजनाची तयारी करून मुलांचा सांभाळ पत्करला आहे, आणि ह्या दोहोंतील अंतर मान्य करण्याची आपली तयारी नाही.

चाळीस वर्षांपूर्वी वसईच्या ह्या पट्ट्यात मुलांची सुट्टी मामाच्या वाडीत जात असे. शिबिर म्हणजे सकाळचे दोन तास गाणी आणि बायबलमधील गोष्टी. कंटाळलेले पोर कुंपण ओलांडून घरी पळे, आणि घरी आजी, काकी, कोणीतरी असेच. आज कित्येक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. आई सकाळी विरार लोकल पकडते, बाप तिच्याआधी गेलेला असतो, आजी तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेली असते. शिबिर आता नऊ ते चार चालते. सकाळी आवारात मूल सोडून धावत स्टेशन गाठणारी आई आमच्याकडे गाणी मागत नाही. संध्याकाळपर्यंत आपले मूल कोणाच्या तरी नजरेखाली असेल, एवढेच ती मागते. आम्ही मात्र तिला टी-शर्ट देतो.

गेल्या वर्षीची हिशेबाची वही आम्ही पुन्हा उघडून पाहिली. टी-शर्ट, मंडप, ध्वनिक्षेपक, पदके ह्यांवर बहुतेक पैसा गेला होता. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या शेवटच्या ओळीत होत्या. मुलांना सांभाळण्यासाठी एखाद्या जाणत्या बाईला मानधन दिल्याची ओळ वहीत नव्हतीच. सांभाळणारे कोण, तर अकरावी-बारावीची बारा मुले-मुली. त्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही. उन्हातान्हात ती राबली, घसा बसेपर्यंत ओरडली. परंतु ज्यांना आपण स्वतःच्या घरी पंधरा लहान मुले एकटे सांभाळू देणार नाही, त्यांच्या हाती चर्चच्या आवारात ती सोपवतो आणि त्याला युवकांचा सहभाग असे गोंडस नाव देतो.

आक्षेप येतात. पहिला वडीलधाऱ्यांचा: आम्ही बावखलात डुंबून, झाडांवर चढून वाढलो, आम्हांला कोणी सांभाळले? सांभाळले, बाबांनो. रहाटावर काम करणाऱ्या काकाने, अंगणात भात वाळत घालणाऱ्या काकीने, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने सांभाळले. ती नजर तुम्हांला दिसली नाही, कारण ती चोवीस तास होती.

दुसरा आक्षेप अधिक सोवळा आहे: हे सारे सेवाभावाने चालते, त्याची चिकित्सा कशाला? चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला सरायवाल्याच्या हवाली केले तेव्हा दोन नाणी मोजून दिली, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असे सांगून गेला. सांभाळाला पैसा लागतो हे त्याला कळत होते.

लूक आणखीही एक गोष्ट सांगतो. पवित्र कुटुंबाच्या सणाला ती आपण वेदीवरून वाचतो आणि घाईने तिच्या अर्थाकडे वळतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला. मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले, कारण तो सोबतच्या मंडळींत असेल असे त्यांना वाटले. निष्काळजी आईबाप नव्हते ते. ज्याला त्याला वाटले, तो दुसऱ्याबरोबर असेल. बारा ताई-दादांच्या शिबिरात रोज हेच घडते. मरिया आणि योसेफ निदान शोधायला मागे फिरले. कट्ट्यावर बसलेल्या त्या मुलाला शोधायला कोणी निघालेच नाही, कारण तो हरवला आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

सेमिनरीत आम्हांला संत जॉन बॉस्को ह्यांची प्रतिबंधक पद्धती शिकविली गेली. परीक्षेत उत्तरही आम्ही बरे लिहिले होते. त्यांनी मे १८८४ मध्ये रोमहून तुरिनच्या आपल्या संस्थेला पाठविलेले पत्र मात्र फार उशिरा वाचले. त्यात त्यांनी क्रीडांगणाची दोन चित्रे रंगविली आहेत. एक जुन्या दिवसांचे, जेथे गुरुजन मुलांत मिसळून खेळत. दुसरे तेव्हाचे, जेथे मुले कोपऱ्यांत उदास बसलेली आणि मोठी माणसे आपसांत गप्पा मारीत असलेली. पुढच्या वर्षी आपापल्या शिबिरात साडेअकराच्या सुमारास गच्चीवरून खाली पाहावे. फक्त आता गप्पांऐवजी हातांत फोन दिसतील, आणि त्यांतून मुलांची छायाचित्रे आईबापांना न विचारता गावभर जात असतील.

शरीराची काळजी हे धर्मशिक्षणापेक्षा हलके काम आहे, असेही आपल्यापैकी काहींना वाटते. आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे ह्यालाही त्या शिक्षणच समजत. शिबिराला आलेल्या मुलांना बायबलमधील वचने पाठ करायला लावणाऱ्या आम्हा लोकांना मुलांची चड्डी बदलायची लाज वाटते.

कायद्याविषयी थोडेच. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा चर्चच्या फाटकाशी थांबत नाही. अपराधाची माहिती असूनही जो कळवत नाही, तो शिक्षेस पात्र ठरतो. हाताखालच्या माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१४ मध्ये अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र आयोग नेमला, तो परदेशातील लोकांसाठी, अशी सोयीची समजूत करून घेऊ नये. कोणत्याही एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत नेऊ नये, हा नियम पाळायला पैसा लागत नाही. तो प्रथम धर्मगुरूंनी पाळावा.

यंदा आमच्या धर्मग्राम परिषदेत ह्यावर तीन बैठका झाल्या आणि तिन्ही कडू झाल्या. आठ मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, रोज तेच चेहरे, आल्या-गेल्याची वही आणि मूल कोणाच्या हाती सोपविले त्याची सही, लहान मुलांच्या शौचालयाशी सतत एक बाई: एवढे करायचे तर एका वेळी साठांपेक्षा अधिक मुले घेता येत नाहीत. एका सभासदांनी विचारले, आकडा इतका घसरला तर शेजारच्या धर्मग्रामातील लोक काय म्हणतील? दुसऱ्या एका भगिनीचा प्रश्न अधिक खरा होता: उरलेल्या मुलांच्या आया कामावर कशा जातील? ह्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. दोन तुकड्या करायचे ठरले आहे; आईबाप दोघेही कामावर जातात अशा घरांना आधी घेऊ. तरीही साठ-पासष्ट मुले बाहेर राहतील. टी-शर्ट आणि पदके रद्द झाली. त्या पैशांतून दोन निवृत्त शिक्षिका आणि एक परिचारिका ह्यांना मानधन मिळेल. समारोपाचा कार्यक्रमही नाही, म्हणून युवा मंडळ आमच्यावर रुष्ट आहे.

नोंदणी सुरू होऊन आठवडा झाला. त्या आजींच्या नातवाचे नाव अजून आलेले नाही. उद्या त्यांच्या घरी जायचे आहे.