पाकिटावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे

कॉफी ही आपल्या मराठी घरांत तशी पाहुणीच. चहा रोजचा, कॉफी उपासाला, नाहीतर परीक्षेसाठी रात्र जागवणाऱ्या मुलासाठी, भरपूर दुधात आणि जायफळ उगाळून. दुकानदार देईल ती पूड आपण आणली, तीत चिकोरी किती याची चौकशी कधी केली नाही. अलीकडे मुले नोकरीसाठी बंगळुरूला जाऊ लागली आणि येताना निराळीच पाकिटे आणू लागली. त्यांवर मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, फळ वाळवण्याची पद्धत आणि कधी कधी असेही छापलेले असते, की ही कॉफी लहान शेतकरी बायकांनी पिकवली आहे. किंमत वाचून घरातली वडीलधारी माणसे ते पाकीट हळूच खाली ठेवतात, तो भाग वेगळा. मला मात्र त्या बायकांच्या ओळीने विचारात पाडले.

या कॉफीला व्यापारात 'स्पेशालिटी' म्हणतात. जाणकार चव घेऊन शंभरपैकी गुण देतात आणि ८० च्या पुढे गेलेली कॉफीच त्या पंगतीत बसते. गुण काही यंत्राने मिळत नाहीत. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे एका वेळी असतात. त्यातले लाल तेवढे बोटांनी वेचायचे आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचे. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या कॉफीच्या कामात ७० टक्क्यांपर्यंत श्रम बायकांचे आहेत; पण बायका चालवतात असे मळे २० ते ३० टक्केच. उत्तर पेरूमधल्या काही शेतकरी बायकांना हे बोचले. २००३-०४ च्या सुमारास त्यांनी ठरवले, की आपली कॉफी नवऱ्यांच्या कॉफीत मिसळायची नाही, वेगळी विकायची. 'काफे फेमेनिनो' हे तिचे नाव. या नावाने विकायचे तर अटी होत्या: जमिनीवर बाईचा कायदेशीर हक्क हवा, सहकारी संस्थेत तिला पद हवे आणि पैसे थेट तिच्या हातात पडायला हवेत. कॉफीपेक्षा मला ही पहिली अट अधिक मोलाची वाटते.

आता जालना जिल्ह्याचा या कॉफीशी संबंध काय, असे वाचक विचारतील. सरळ संबंध काहीच नाही. कॉफीला डोंगरउतार लागतो, मोठ्या झाडांची सावली लागते, गारवा लागतो. आपल्या राज्यात ती दिसते मेळघाटात, चिखलदऱ्याला. जालन्याचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी. पण लाल फळ वेचणाऱ्या त्या बोटांची सख्खी बहीण मला पाहायची असेल, तर मी जालन्यालाच जाईन.

जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे 'महिको' सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि देशभरच्या शेतकऱ्यांना जालन्याचे नाव पिशवीवरून पाठ झाले. संकरित कपाशीचे बी तयार कसे होते, हे मात्र ती पिशवी फोडणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद उतरवायचे. आतल्या कोवळ्या भागाला नख लागले तर कळी वाया. मग खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग त्या कळीवर फिरवायचे. एका कळीचे हे काम. अशा कळ्या शेतात रोज हजारोंनी येतात आणि हंगाम आठवड्यांमागून आठवडे चालतो. हे काम बहुतांशी बायकांचे. देशात अनेक ठिकाणी त्यासाठी शाळकरी मुलींनाही जुंपले गेले, ही त्या धंद्याची काळी बाजू. बियाणे कंपनीचा करार मात्र होतो तो ज्याच्या नावावर शेत आहे त्याच्याशी. पिशवीवर कंपनीचे नाव, करारावर घरधन्याचे, आणि जिच्या नखाखाली पिवळा पराग साचलेला असतो तिचे नाव रोजंदारीच्या वहीत, तेही वही असली तर!

मोसंबीचे तसेच. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आले असे मानतात. परदेशातून आलेले हे फळ मराठवाड्यात असे रुजले, की २०१६ मध्ये 'जालना मोसंबी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. बागेला ताण देऊन आंबे बहर धरायचा की मृग बहर, हा निर्णय पुरुषाचा. व्यापाऱ्याकडून इसार घेऊन उभी बाग उक्ती देणे, हेही त्याचेच. बाईकडे आळ्यातली खुरपणी आणि गळालेली फळे वेचणे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात बागा जळाल्या. टँकरच्या पाण्यावर काही झाडे तगवली गेली, बाकीच्यांवर कुऱ्हाड चालली. हंडाभर पाणी घरात ठेवायचे की झाडाला घालायचे, हा हिशेब बाईच्या डोक्यावर होता. त्या वेळी तिला कोणी बागाईतदार म्हटले नाही.

शेतकरी कोण, हे आपल्याकडे सातबारा ठरवतो. पीककर्ज, ठिबकचे अनुदान, विमा, नुकसानभरपाई, सगळ्या वाटा त्या एका कागदापाशी येतात. देशाच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत बायकांच्या ताब्यातील वहिती खाती जेमतेम १४ टक्के भरली. याचा सर्वांत क्रूर अर्थ घरात मृत्यू झाल्यावर कळतो. नवरा गेला तर वारस नोंदीसाठी बाईने तलाठ्याकडे खेटे घालायचे आणि दिराने डोळे वटारायचे. कर्जापायी तिनेच जीव दिला, तर तिच्या नावे जमीन नाही म्हणून ती आत्महत्या शेतकऱ्याची मोजलीही जात नाही, हे पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनी वर्षानुवर्षे लिहिले आहे.

कायदे नाहीत असे नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. पण भाऊबीजेच्या साडीची किंमत आपल्या समाजात हक्कसोडपत्राएवढी आहे. सही केली नाही तर माहेर तुटेल या धास्तीने बहिणी सही करतात, आणि ती धास्ती खोटी नसते. सुशिक्षित, शहरी घरांतही हेच चालते. जालन्याच्या खेड्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही गाठ दुसऱ्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला होता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन झाले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक आली: लक्ष्मीचे कर्ज नवऱ्याने आपल्या हाताने फेडावे, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. शंभर बायकांच्या नावे जमीन झाली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. कोणा कोर्टाचा हुकूम नसताना कितीतरी पुरुषांनी हे केले, याचे मला आजही नवल वाटते. शासनानेही १९९२ मध्ये वाट मोकळी केली. नवऱ्याने अर्ज दिला तर त्याच्या हयातीतच बायकोचे नाव सहधारक म्हणून लागू शकते. ही सोय आजही पुष्कळ घरांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांतले बरेच जण 'घरचीच तर आहे, कागद कशाला?' म्हणून विषय बदलतात. घरचीच आहे तर कागदाची भीती कसली, हे त्यांना विचारायला हवे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी महिलांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. भाषणे होतील, साड्या वाटल्या जातील. जालन्यात त्याहून साधे काम करता येईल. मानांकनाचा शिक्का मोसंबीवर वापरायचा तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. तो अर्ज भरायला नवरा-बायकोने जोडीने जावे आणि त्याच फेरीत तलाठ्याकडे लक्ष्मीमुक्तीचा अर्जही देऊन यावे.