करारपत्रे बाहेर काढा

जनरेटिव्ह एआय आणि कॉपीराइटवरचे कार्यपत्र केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने (डीपीआयआयटी) ८ डिसेंबर २०२५ रोजी काढले आणि हरकतींसाठी ३० दिवस दिले. त्यानंतर आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रे एकच विचारतात : पैसे कधी मिळणार?

पैशाआधी हातचे काय जाते ते पाहा. कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या कोणत्याही पुस्तकावर कंपनीला मॉडेल शिकवता येईल, असा सक्तीचा परवाना हे कार्यपत्र तयार करणाऱ्या समितीने सुचवला आहे. लेखकाला नाही म्हणता येणार नाही, प्रकाशकालाही नाही. बदल्यात कंपनीने महसुलातला हिस्सा एका केंद्रीय संस्थेकडे भरायचा; दर सरकारने नेमलेली वेगळी समिती ठरवणार. त्यात मराठी पुस्तकाचा वाटा कशावरून मोजणार? खपावरून मोजला, तर पाचशे-हजाराच्या आवृत्त्या काढणाऱ्यांच्या हाती काहीच लागणार नाही.

आणि वाटा ठरला तरी तो घेणार कोण? हक्क कुणाचा, हे कागदावर दाखवावे लागेल. इथे आपल्या व्यवसायाची मान खाली जाते. लेखी कराराशिवाय पुस्तके काढणारे प्रकाशक आजही आहेत. करार असला आणि त्यात मुदत लिहिली नसली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ती ५ वर्षेच धरतात. शिवाय या कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनुसार, करार करताना जो वापर अस्तित्वातच नव्हता, तो स्पष्ट नोंदवल्याशिवाय प्रकाशकाकडे येत नाही. एआय-प्रशिक्षण हा असाच वापर, असे लेखकाचे वारस उद्या म्हणतील आणि ते खोडणे सोपे नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट चालतो, पण वारसांचे पत्ते किती जणांकडे आहेत?

सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमने कार्यपत्राच्या समितीत आपली असहमती लेखी नोंदवली, कारण त्यांना प्रशिक्षणासाठी सूटच हवी आहे. त्यांचे म्हणणे कागदावर आले. आपले कुठे आहे? आपल्या संघटनेच्या सभेत कुरकुर करून दिल्लीला ऐकू जात नाही.

कायदा अजून बदललेला नाही. तोवर प्रत्येकाने आपल्या पुस्तकांची करारवार यादी करावी, मुदत संपलेले करार लेखकाशी किंवा वारसांशी बोलून नव्याने करावेत आणि त्यात एआयच्या पैशाची वाटणी लिहावी. विभागालाही लिहा, मराठीतच लिहा : नकाराचा अधिकार ठेवा, वाटपाचे सूत्र आधी जाहीर करा. त्या पत्राची प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.