खांदा जखडला म्हणजे हात गेला नव्हे

मोटारसायकल घसरते, गडी खांद्यावर आपटतो. वरची जखम भरते, पण हात लुळा लोंबत राहतो. घरचे म्हणतात, मुका मार आहे, सुधारेल. शेक होतो, चोळणे होते. असे वर्ष निघून जाते. मग मोठ्या दवाखान्यात डॉक्टर सांगतात, "खांदा जखडावा लागेल." ऐकून माउली रडू लागते. जखडलेला हात काय कामाचा? वाचक बंधू-भगिनींनो, आज याच प्रश्नाचा विचार करू.

दंडाच्या हाडाचे गोल डोके फऱ्याच्या उथळ वाटीत फिरते, तो आपला खांदा. मानेतून हातात येणाऱ्या नसा तुटल्या, पोलिओने स्नायू गेले किंवा क्षयाने सांधा खाल्ला, की खांदा निकामी होतो. तेव्हा दोन्ही हाडांवरचा गुळगुळीत थर खरवडतात, हाडे भिडवतात आणि धातूची पट्टी व स्क्रूने घट्ट बसवतात. साधारण तीन-चार महिन्यांत ती सांधून एक होतात. हा उपाय जुना आहे. व्हिएन्नाचे डॉ. आल्बर्ट यांनी १८८१ साली लुळ्या खांद्यावर तो केला होता.

मग हात हलतो कसा? सांधा जखडला तरी फरा मोकळा असतो. तो पाठीवर सरकतो आणि अख्खा हात उचलतो. म्हणून फरा हलवणारे स्नायू शाबूत हवेत. हात सुमारे ३० अंश बाजूला, ३० अंश पुढे आणि ३० अंश आत वळवून बसवतात. कोपर वाकत असेल तर घास तोंडाशी जातो, हात कमरेच्या नाड्यापर्यंत पोचतो. टेबलावरचे काम, शिलाई, दुकानदारी जमू शकते.

काय जाते तेही ऐका. डोक्यावर हात नेणे, उंचावर ओझे चढवणे, पाठ चोळणे होत नाही. मेलेली बोटे या शस्त्रक्रियेने जिवंत होत नाहीत. नसांची ठणक काहींना राहतेच. आणि एकदा जोडलेला सांधा पुन्हा मोकळा करणे फार अवघड.

म्हणून आधी विचारा : नसा जोडण्याची वेळ अजून आहे का? ती शस्त्रक्रिया अपघातानंतर तीन ते सहा महिन्यांत केली तर गुण येण्याची आशा जास्त. अपघातानंतर हात उचलेना तर चोळत बसू नका, लगेच हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. क्षय असेल तर आधी गोळ्यांचा कोर्स पुरा करा. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो.

परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडला विष्णुपुरीचे आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे भरती होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला विचारा. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरले, तर २०१६ च्या कायद्याने नोकरीतील आरक्षणासारखे हक्क मिळतात. तो दाखला मागायला लाजू नका.

शेवटी एक. शस्त्रक्रिया ठरली की विडी-तंबाखू बंद. तंबाखूने हाड सांधायला उशीर लागतो. आणि घरातल्यांनी त्याला 'लुळा' म्हणू नये. हाताला काम द्यावे, तो आपोआप सरावतो.