चिलखत आतून घालायचं

या शनिवारचा विषय जरा नाजूक आहे. घरची मोठी मंडळी अधूनमधून इथे डोकावतात, त्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. विषय आहे आइस हॉकी खेळणाऱ्यांचे आतले कपडे. हसून घ्या. झालं? आता पुढे जाऊ, कारण यात हसण्यासारखं थोडं आहे आणि विचार करण्यासारखं बरंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणूस सुरक्षेची वस्तू टाळतो ती त्रास होतो म्हणून कमी, आणि ती चारचौघांना दिसते म्हणून जास्त. हे सिद्ध करायला हॉकीवाल्यांच्या चड्डीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही :)

थोडी पार्श्वभूमी. प्रोजेक्टच्या कृपेने मी मिनियापोलिसमध्ये तीन हिवाळे काढले. मिनेसोटात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. आपल्या धनराज पिल्लेची हॉकी म्हणायची असेल तर मुद्दाम 'फील्ड हॉकी' म्हणावं लागतं. टीममधले बरेच जण ऑफिस, पोरंबाळं, जेवण सगळं आटोपून रात्री साडेदहाला रिंकवर जायचे. त्यांच्या नादाने मीही मोठ्या माणसांच्या नवशिक्या वर्गात नाव घातलं. खेळापेक्षा माझं लक्ष लॉकर रूममध्येच जास्त. कोण कशावर काय चढवतो ते बघत बसायचो. सॉफ्टवेअरवाला माणूस, थर दिसले की मोजायची सवय.

तर सगळ्यात आतला थर म्हणजे अंगाला घट्ट बसणारा, घाम ओढून घेणारा शर्ट आणि तशीच पँट. त्याबरोबर 'जॉक', म्हणजे कडक वाटी बसवलेली चड्डी. आपल्याकडे क्रिकेटवाले ज्याला गार्ड आणि सपोर्टर म्हणतात तेच. बायकांसाठी असतो 'जिल'. त्याचा आकार वेगळा असतो, ओटीपोटाच्या खालचं हाड झाकणारा. हल्ली दोन्ही प्रकार घट्ट हाफ पँटमध्येच बसवलेले मिळतात आणि मांडीवर वेल्क्रोचे तुकडे असतात. हॉकीचे लांबलचक मोजे त्यांना चिकटवायचे. पूर्वी त्यासाठी कमरेला चक्क गार्टरचा पट्टा बांधत, अजूनही काही जुने खोड बांधतात. मग नडगीचे गार्ड, मोजे, जाड पॅड भरलेली हाफ पँट (हिला मिनेसोटात 'ब्रीझर्स' म्हणतात), स्केट, खांदे, कोपर, जर्सी. हेल्मेट शेवटी.

एवढा जामानिमा कशासाठी? पक म्हणजे घट्ट रबराची साधारण १७० ग्रॅमची चकती. मोठ्या सामन्यांत ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. चांगला खेळाडू ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वर मारतो. शिवाय मैदानावरच्या प्रत्येकाच्या पायाखाली धार लावलेलं पोलाद आहे. पकचा मार आणि पात्याची धार, या दोन धोक्यांशी आतल्या कपड्यांची गाठ आहे.

आता इतिहास. जॉकस्ट्रॅप निघाला १८७४ साली, शिकागोच्या शार्प अँड स्मिथ कंपनीत. तोही हॉकीसाठी नाही, बॉस्टनच्या दगडी रस्त्यांवरून सायकल हाणणाऱ्यांसाठी. तिथून तो बाकीच्या खेळांत पसरला. आणि एनएचएल या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगने हेल्मेट सक्तीचं केलं १९७९ साली. या दोन तारखा शेजारी ठेवून तिकडे एक विनोद हमखास सांगतात: मेंदूही महत्त्वाचा आहे हे पुरुषांना कळायला शंभर वर्षं लागली.

विनोद झकास आहे, पण निदान चुकीचं आहे. डोकं महत्त्वाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतंच. फरक एवढाच की गार्ड पँटच्या आत जातो. तो घातलाय की नाही हे ना समोरच्या टीमला दिसतं, ना प्रेक्षकांना, ना तुमच्या पुढच्या कराराचे पैसे ठरवणाऱ्या मॅनेजरला. हेल्मेट मात्र सगळ्यांना दिसतं, आणि दिसलं की त्याचा अर्थ लावला जातो. घाबरला!

१ नोव्हेंबर १९५९ ला माँट्रियलचा गोलकीपर जाक प्लांट याच्या तोंडावर पक बसला. टाके घालून झाल्यावर तो म्हणाला, मास्क घातल्याशिवाय मी परत उतरणार नाही. सरावात तो मास्क वापरतच होता, सामन्यात मात्र कोचला तो पसंत नव्हता. १९६८ च्या जानेवारीत मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचा बिल मास्टर्टन डोकं बर्फावर आपटून गेला. हेल्मेट नव्हतं. १९६९ मध्ये बॉस्टनच्या टेड ग्रीनच्या डोक्यात स्टिक बसून कवटी फुटली. तो कसाबसा वाचला. एवढं होऊनही बहुतेक खेळाडू बोडक्यानेच खेळत राहिले.

इथे एक अर्थशास्त्रज्ञ येतो. टॉमस शेलिंग, ज्याला पुढे २००५ मध्ये नोबेल मिळालं. १९७३ मध्ये त्याने हॉकी हेल्मेटवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकट्याने हेल्मेट घातलं तर नजरेला थोडा अडथळा होतो आणि वर चिडवाचिडवी. म्हणून प्रत्येक जण एकेकटा 'नको' म्हणतो. पण सगळ्यांनाच सक्ती केली तर कुणाचंच नुकसान नाही, सगळे समान पातळीवर. म्हणून जो खेळाडू स्वतःहून हेल्मेट घालणार नाही, तोच गुप्त मतदानात सक्तीच्या बाजूने हात वर करू शकतो. यात ढोंग नाही. एकट्याने निर्णय घेणं आणि सगळ्यांनी मिळून निर्णय घेणं ही मुळात दोन वेगळी गणितं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचे चोचले. तर मग आपले सुनील गावसकर आठवा. जगातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांसमोर सलामीला जाणाऱ्या या माणसाने हेल्मेट घातलं नाही, पण कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली कवटीला बसणारं एक कडक कवच घातलं. बाहेरून टोपी, आत चिलखत. त्यांची कारणं त्यांना माहीत, पण वस्तू बघा: डोक्याचं गार्ड आतल्या कपड्यासारखं आत गेलं. (पुण्यातल्या हेल्मेटसक्तीबद्दल मी काही बोलणार नाही. मला अजून तिथे राहायचंय.)

परत बर्फावर येऊ, कारण यातला गंभीर भाग आता आहे.

२२ मार्च १९८९ ला बफेलोचा गोलकीपर क्लिंट मालार्चुक याच्या मानेवरून स्केटचं पातं गेलं. मानेची मोठी शीर कापली. टीमचा ट्रेनर व्हिएतनाम युद्धात काम केलेला माणूस होता, त्याने जखम हाताने दाबून धरली म्हणून मालार्चुक जगला. २००८ मध्ये फ्लोरिडाचा रिचर्ड झेडनिक तसाच थोडक्यात वाचला. एनएचएलने मान झाकायची सक्ती तेव्हाही केली नाही.

२८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या सामन्यात नॉटिंगहॅम पँथर्सकडून खेळणारा अ‍ॅडम जॉन्सन मानेला पातं लागून गेला. वय २९. मूळचा मिनेसोटातल्या हिबिंगचा. ज्या रिंकवर मी धडपडायला जायचो तिथल्या लोकांना हिबिंग म्हणजे साधारण तीन तासांवरचं गाव. माझ्याच वयाचा माणूस, शनिवारी संध्याकाळी कामावर गेला आणि परत आला नाही. त्याची तुलना कोडमधल्या बगशी करायची माझी इच्छा नाही.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की लागणारं कापड तेव्हा होतंच. केव्हलार हा धागा स्टेफनी क्वोलेक या ड्यूपाँटच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ मध्ये शोधला. आता त्याच जातीचे किंवा अतिशय दणकट पॉलिथिलीनचे धागे विणून अंगाला बसणारे शर्ट, मनगटाच्या बाह्या, मोजे बनवतात. धार या धाग्यांवरून घसरते किंवा अडते, साध्या सुतासारखा तो पटकन तुटत नाही. हे कपडे कापलेच जात नाहीत असं नाही, पण जीवघेणी जखम टाळायला तेवढा अडथळाही पुरू शकतो.

यातला मोज्याचा किस्सा बोलका आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ओटावाच्या एरिक कार्लसनच्या टाचेवरचा मोठा कंडरा पात्याने कापला गेला. त्यानंतर बऱ्याच खेळाडूंनी असे मोजे मुकाट्याने वापरायला घेतले. ना वाद, ना चिडवाचिडवी. का? तर मोजा स्केटच्या आत जातो. मानेचा पट्टा मात्र सगळ्यांना दिसतो, आणि लहान मुलांचा वाटतो, कारण कॅनडात लहान मुलांना तो सक्तीचाच आहे. म्हणून मोठा झालो हे दाखवायची पहिली खूण कोणती, तर पट्टा काढणे!

उत्पादकांनी यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. मानेचं संरक्षण त्यांनी आतल्या शर्टातच शिवून टाकलं. उंच कॉलरचा शर्ट, वर जर्सी. दुरून पाहिलं तर थंडीसाठी घातलेला वाटतो. गावसकरांच्या टोपीचाच न्याय.

पण तेवढ्यावर भागत नाही, नियम लागतोच. जॉन्सन गेल्यावर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मान झाकणं सक्तीचं केलं. अमेरिकेत यूएसए हॉकीने ऑगस्ट २०२४ पासून मुलामुलींसाठी केलं. एनएचएलच्या खालच्या एएचएल लीगने २०२४-२५ च्या मोसमापासून केलं. आणि खुद्द एनएचएल? २०२५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात ठरलं की २०२६-२७ पासून जे नव्याने लीगमध्ये येतील त्यांनाच सक्ती. आधीपासून खेळणाऱ्यांना मुभा.

आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. जुन्या ग्राहकांना हात लावायचा नाही, नवीन येतील त्यांना नवी आवृत्ती. हेल्मेटच्या वेळीही हेच झालं होतं. सक्तीच्या आधी करार केलेल्यांना सूट होती, आणि बिनहेल्मेटचा शेवटचा खेळाडू क्रेग मॅकटॅविश निवृत्त झाला १९९७ मध्ये. मोजा: अठरा वर्षं. मानेच्या बाबतीत हाच हिशेब लावला तर शेवटची उघडी मान २०४० च्या पलीकडे दिसेल. ही तडजोड का होते ते मला समजतं, नाहीतर करारच झाला नसता. पण जुनं सर्व्हर अजून चालतंय म्हणून पॅच न करणाऱ्यांना आपण ऑफिसात काय म्हणतो, तेही मला माहीत आहे.

सक्तीच्या विरोधातलं चांगलं म्हणणंही आहे. सज्ञान माणूस आहे, धोका त्याचा, निर्णय त्याचा. मलाही हे एरवी पटतं. पण हा निर्णय खरंच त्याचा एकट्याचा असतो का? लॉकर रूममधली वीस माणसं बघत असताना घेतलेला निर्णय मोकळेपणाने घेतलेला म्हणायचा का? शेलिंगचा मुद्दा इथेच चपखल बसतो. सक्तीमुळे माणसाचं स्वातंत्र्य जातं असं वाटतं, प्रत्यक्षात जातो तो टोमण्याचा धाक. सगळ्यांनीच घातलं की त्याचा काही अर्थच उरत नाही. आज एनएचएलमध्ये हेल्मेट घातलेल्याला कुणी भित्रा म्हणतं का?

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण झाकलेलं सगळंच चांगलं असं नाही. जे दिसत नाही त्याला विरोध होत नाही, तसंच त्याच्याबद्दल कुणी बोलतही नाही. आमच्या वर्गाने पाठवलेल्या सामानाच्या यादीत हेल्मेटचं माप कसं घ्यायचं यावर अख्खा परिच्छेद होता आणि गार्डसाठी एक शब्द: 'कप'. वर्गात तीन बायका होत्या. त्यांनी काय घ्यायचं याबद्दल यादीत अक्षर नाही. शेवटी त्यांनी आपापसात विचारून 'जिल' शोधून काढला. आणि आपलं तर काय सांगावं? आमच्या कॉलेजच्या क्रिकेटच्या किटबॅगेत अकरा जणांत दोन गार्ड होते. बाद होऊन येणारा पॅव्हेलियनच्या मागे जाऊन जाणाऱ्याला देत असे. सगळे हसायचे, कुणी क्रीडा विभागाकडे तिसरा मागितला नाही. मागणार कसा? पत्रात काय लिहिणार?

म्हणून मला वाटतं दोन गोष्टी कराव्यात. जे चारचौघांत घालायला माणूस लाजतो, ते शक्य तितकं आतल्या कपड्यात शिवून टाकावं, आणि तरीही जमत नसेल तर सरळ सगळ्यांना सक्ती करावी. आणि जे आधीच आत आहे, त्याचं नाव मात्र मोठ्याने घ्यावं. यादीत लिहावं, मापासकट, मुलांसाठी वेगळं, मुलींसाठी वेगळं, प्रत्येकाचं स्वतःचं. (आणि दर सामन्यानंतर धुवावं. हॉकीच्या बॅगेचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको.)

तुमच्या घरातलं कुणी या जूनमध्ये क्रिकेट, हॉकी, कराटे, कशालाही नाव घालणार असेल तर सामानाच्या यादीत ही ओळ आहे का बघा. नसेल तर कोचला स्पष्ट शब्दांत विचारा. तो दोन सेकंद अवघडेल, मग सांगेल.