पौष्टिक डब्याचे नीतिशास्त्र

जून उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना शाळेच्या डब्याची आठवण होते. 'मुलांसाठी तीस दिवसांचे तीस पौष्टिक डबे' अशा धर्तीचे लेख छापून येतात. बिटाच्या पुऱ्या, पालकाचे पराठे, नाचणीचे पॅनकेक, मोड आलेल्या मुगाच्या टिक्क्या यांची रंगीत छायाचित्रे झळकतात. या लेखनाला पाकशास्त्र म्हणावे तर त्यात चवीचा विचार नसतो, आणि आहारशास्त्र म्हणावे तर मोजमाप नसते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' (१९१०) किंवा कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' (१९७०) ही पुस्तके बाईला स्वयंपाक शिकवत होती. डब्याचे हे नवे वाङ्मय तिला अपराधीपणा शिकवते. ते मुळात नीतिपर वाङ्मय आहे. चांगली आई कोण, याची व्याख्या त्यात दिलेली असते, आणि रोज सकाळी सहा वाजता त्या व्याख्येची परीक्षा असते.

या परीक्षेची प्रश्नपत्रिका शाळा काढतात. डब्याचा साप्ताहिक तक्ता आता बालवर्गापासूनच घरी येतो. माझ्या मुलीच्या शाळेतून आलेल्या तक्त्यात सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी फळे, गुरुवारी पराठा आणि शुक्रवारी 'मुलांच्या आवडीचे, परंतु पौष्टिक' असे लिहिले होते. त्या 'परंतु'मध्ये एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. मुलाची आवड आणि मुलाचे हित यांचे वैर असते, आठवड्यातून एक दिवस आवडीला मुभा द्यावी, पण तीही हमीपत्र लिहून घेऊनच, असे ते तत्त्वज्ञान. ज्या संस्कृतीत पोळी, तूप आणि गूळ एकत्र कुस्करून केलेला लाडू मुले आपण होऊन मागून खातात, तिथे हे 'परंतु' कुठून आले, हा खरोखर संशोधनाचा विषय आहे.

तक्ता काढणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारावा. मधली सुट्टी किती मिनिटांची? अनेक शाळांत ती पंधरा-वीस मिनिटांची असते. त्यात चाळीस-पन्नास मुलांनी रांगेने हात धुवायचे, घट्ट बसलेले झाकण उघडायचे, लघवीला जाऊन यायचे आणि उरलेल्या वेळात उसळ खायची. पाच वर्षांचे मूल सावकाश जेवते. गप्पा मारत, शेजारच्या डब्यात डोकावत, मधेच थांबून खिडकीतला कावळा पाहत जेवते. घंटा होते आणि अर्धा डबा परत येतो. मग घरी विचारणा होते: 'डबा का संपवला नाहीस?' उत्तर मुलापाशी नसते, कारण दोष त्याचा नसतो. दोष घड्याळाचा असतो, आणि घड्याळ शाळेच्या हातात असते. डब्यात काय असावे हे सांगणारी शाळा तो खायला वेळ किती असावा याविषयी मात्र मौन पाळते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तो मुलांच्या झोपेसाठी. त्यांच्या खाण्याच्या वेळेसाठी असा आदेश निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता 'पौष्टिक' या शब्दाकडे वळू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १३६० कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिने एवढी आहे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. एक थालीपीठ आणि त्यावर लोणी, शेंगदाण्याचे कूट घातलेली दशमी, एक केळे, उकडलेले रताळे, राजगिऱ्याचा लाडू यांपैकी कोणतीही एखाद-दुसरी वस्तू मधल्या सुट्टीला पुरेशी आहे. लहान हाताला धरता यावी, गार झाली तरी खाता यावी आणि दहा मिनिटांत संपावी, या तीन कसोट्या पाळल्या की झाले. (अगदी लहानांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ठसका लागून ते श्वासनलिकेत अडकू शकतात, कूट करावे.) यापलीकडे या शास्त्रात गूढ असे काही नाही.

परंतु सोप्या गोष्टीवर बाजार उभा राहत नाही. म्हणून पौष्टिकपणा ही विकत आणण्याची वस्तू झाली. कोकणातल्या आणि डोंगराळ भागातल्या गरिबाचे अन्न म्हणून जिची हेटाळणी झाली, ती नाचणी बिस्किटाच्या पुड्यावर 'रागी' होऊन आली आणि प्रतिष्ठित ठरली. दुधात घालायच्या भुकट्या वर्षानुवर्षे 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या गेल्या. अखेर एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने ई-व्यापार करणाऱ्या संकेतस्थळांना बोर्नव्हिटासह अशी सर्व पेये त्या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी संज्ञाच नाही. घरगुती पदार्थांचे भाबडे कौतुकही इथे कामाचे नाही. गूळ घातला म्हणजे साखर टळली असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे बाहेरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी. वरच्या मुलाच्या हिशेबात ती सुमारे ३४ ग्रॅम भरते. गूळही त्यातच मोजायचा. मात्र ही मोजदाद आईकडून मागणाऱ्या शाळेत प्रत्येक वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटे वाटली जातात. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिसरात अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास २०२० च्या केंद्रीय विनियमांनी बंदी आहे. त्या ५० मीटरांत काय विकले जाते हे फाटकाशी उभे राहून कोणीही पाहावे. नियम दुकानदारालाही आहे आणि आईलाही आहे. जाब फक्त आईला विचारला जातो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की पौष्टिकतेच्या आडून सोवळेओवळे वर्गात शिरले आहे. अनेक शाळांच्या तक्त्यांत अंड्याचे नावही नसते, मासळीची तर बातच सोडा. बोंबील खाणाऱ्या घरातल्या मुलाने डबा उघडला की नाके मुरडली जातात, आणि 'वास येतो' हे कारण आरोग्याचे म्हणून दिले जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील अमरोहा येथे एका लहान मुलाच्या मांसाहारी डब्यावरून मुख्याध्यापक आणि आई यांच्यात झालेल्या वादाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. तो प्रकार टोकाचा होता हे खरे. पण रोजच्या वर्गात हेच काम मुकाट्याने, तक्त्याच्या सभ्य भाषेत चालते. प्रथिनांची चिंता वाहणाऱ्या तक्त्याने प्रथिनांचा एक स्वस्त आणि सोपा स्रोत गाळावा, यातच त्याचे शास्त्र किती आणि सोवळे किती हे उघड होते.

वास्तविक डबा हे शिदोरीचे नवे रूप. आणि शिदोरी म्हटले की मराठी माणसाला गोपाळकाला आठवतो. सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळे एकत्र कालवले आणि सर्वांनी मिळून खाल्ले, ही त्या कथेतली मुख्य घटना. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपुरात काल्यानेच होते. काल्यात कोणाची शिदोरी अधिक पौष्टिक होती, याची चौकशी कोणी केली नाही. आजच्या शाळांत मात्र 'एकमेकांच्या डब्यातले खाऊ नये' अशी सूचना सर्रास असते. ज्या मुलाला एखाद्या पदार्थाची घातक ॲलर्जी असेल त्याची काळजी घेतलीच पाहिजे. तेवढ्यासाठी वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपल्या डब्यापुरते एकटे पाडण्याचे कारण नाही.

इथवर 'आई' हाच शब्द मी वापरला, तो बेसावधपणे नव्हे. तक्ते 'पालकांसाठी' म्हणून निघतात आणि वाचतात आयाच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ९७. नाचणीच्या पॅनकेकची मिनिटे यांपैकी कोणत्या रकान्यात जातात हे सांगायला नको. आणि ही झाली गॅस, मिक्सर आणि फ्रिज असलेल्या घरांची कथा. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी विनाअनुदानित शाळेत आलेल्या मुलाची आई सकाळी सहाला दुसऱ्यांच्या घरी त्यांच्या मुलांचे डबे करत असू शकते. तिच्या हातीही तोच तक्ता दिला जातो. शालेय पोषण आहार मात्र सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता असल्यामुळे तिचे मूल या शाळेत आले त्याच दिवशी शिजवलेल्या जेवणाच्या हक्काला मुकते. प्रवेश मिळाला आणि ताट गेले, अशी ही समता आहे.

डब्याविषयीची सगळी चर्चा खरे तर इथून सुरू व्हायला हवी. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना आणली, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिचा मोठा विस्तार केला. आज तिथे शाळेच्या दिवशी ताटात उकडलेले अंडे असते आणि २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. देशभर शिजवलेले अन्न देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २००१ मध्ये आदेश द्यावा लागला. कागदावर प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायची आहेत. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. ज्या राज्यात पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१), तिथे आठवड्याचे एक अंडे शासनाला परवडले नाही! त्यावर पौष्टिक डब्यांच्या पुरवण्या काढणाऱ्यांनी किती रकाने खर्च केले? आपल्या मुलाच्या डब्यातली बिटाची पुरी निरखणाऱ्या वर्गाने शेजारच्या शाळेतले अंडे गेल्याची दखलही घेतली नाही, कारण ते अंडे त्याच्या मुलाच्या ताटातले नव्हते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: शाळेतल्या अन्नाचा भरवसा काय? आक्षेप खोटा नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या विषारी अन्नाने २३ मुले दगावली. परंतु ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचतो त्यांची मुले ज्या ताटात जेवत नाहीत, ते ताट सुधारत नाही. रेशनचे आणि सरकारी दवाखान्यांचे असेच झाले. सुस्थित वर्ग आपापला डबा घेऊन बाजूला झाला आणि सार्वजनिक जेवण ही गरिबांवरची मेहेरबानी ठरली.

मागण्या फार नाहीत. मधली सुट्टी निदान अर्ध्या तासाची असावी. डब्याचे तक्ते बंद व्हावेत. राखीव जागांवरच्या मुलांसाठीच नव्हे, तर प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलासाठी एकच शिजवलेले जेवण असावे आणि त्यात ज्याला हवे त्याला अंडे मिळावे. ते होईपर्यंत डब्यात पोळीचा लाडू असू द्या, थालीपीठ असू द्या, कालची फोडणीची पोळीही चालेल. आणि तो बाबांनी भरला तरी मुलाच्या प्रकृतीला अपाय होत नाही. मुलाच्या पोषणाचा प्रश्न सकाळी सहा वाजता एकट्या बाईने ओट्यापाशी सोडवायचा नसतो. तो शाळेने, शासनाने आणि आपण सर्वांनी मिळून सोडवायचा असतो, आणि तो टाळण्यासाठीच आपण आजवर डब्याची एवढी चर्चा केली आहे.