यकृदर्बुद, महासिरा आणि 'असाध्य' हा शेरा

यकृताच्या अर्बुदाचा रुग्ण वैद्याकडे बहुधा दोन वेळा येतो. पहिल्या वेळी त्याला स्वतःला अर्बुदाची कल्पना नसते. अरुची, उजव्या कुशीत जडपणा, अंगाला कंड, डोळे पिवळे एवढीच तक्रार असते. दुसऱ्या वेळी त्याच्या हाती फाइल असते, 'गाठ मोठ्या रक्तवाहिनीस चिकटलेली, शस्त्रक्रिया अशक्य' असा तीत शेरा असतो, आणि आता आयुर्वेदानेच काही करावे अशी नातेवाइकांची विनवणी असते. या दोन्ही प्रसंगी वैद्याचे कर्तव्य कोणते, याचा नव्याने विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण त्या शेऱ्यामागील शल्यशास्त्र बरेच पुढे गेले आहे आणि आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांपर्यंत ते पोहोचलेले नाही.

रक्तवह स्रोतसांचे मूल सांगताना सुश्रुताचार्यांनी यकृत्-प्लीहांच्या जोडीला रक्तवाहिनी धमन्याही गणल्या आहेत. यकृत् आणि त्याच्या वाहिन्या यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे त्यातून सुचते. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात असाध्य अर्बुदे सांगताना मर्मस्थानी झालेले, स्रोतसांत झालेले आणि अचल असलेले अर्बुद त्यांनी वर्ज्य मानले. गंमत अशी की, पाश्चात्य शल्यविदांनीही विसाव्या शतकाचा बराच काळ नेमकी हीच मर्यादा पाळली.

तिचे कारण शरीररचनेत आहे. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रतिहारिणी सिरेतून व उरलेले याकृती धमनीतून येते. ते तीन याकृती सिरांवाटे अधोमहासिरेत, म्हणजे इन्फिरिअर व्हेना काव्हात, जाते. निरोगी यकृताचा चौथा हिस्सा जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो. केमोथेरपी झालेल्या यकृतात सुमारे ३० टक्के व सिरोसिस असलेल्या यकृतात ४० टक्के भाग राखावा लागतो. परंतु उरलेल्या भागास रक्त येण्याची वाट, जाण्याची वाट आणि पित्ताची वाट, तिन्ही शाबूत हव्यात. म्हणून कडेला असलेली नारळाएवढी गाठ निघू शकते आणि तिन्ही याकृती सिरांच्या संगमावर बसलेली लिंबाएवढी गाठ शल्यविदास हतबल करते. गाठ किती मोठी, यापेक्षा ती कोठे आहे हा प्रश्न महत्त्वाचा.

ही मर्यादा एका दिवसात ओलांडली गेली नाही. यकृताकडे येणारे रक्त काही काळ दाबून धरण्याची युक्ती प्रिंगल यांनी १९०८ मध्ये सांगितली. १९६६ मध्ये हीनी यांनी अधोमहासिरेसह यकृताचा संपूर्ण रक्तप्रवाह थांबवून शस्त्रकर्म केले. १९७४ मध्ये फोर्टनर यांनी थंड द्रव यकृतात खेळवून तो अवधी वाढवला, आणि १९८८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे पिकल्मायर यांनी यकृत् शरीराबाहेर काढून, अर्बुद छेदून, उरलेले यकृत् पुन्हा बसवले. आज बहुतेक रुग्णांत इतक्या टोकाला जावे लागत नाही. महासिरेचा ग्रस्त भाग कापून तेथे पीटीएफई या कृत्रिम पदार्थाची नळी, रुग्णाचीच दुसरी सिरा अथवा गोवंशाच्या हृदयावरणाचे ठिगळ जोडतात. भारतात जिवंत दात्याकडून यकृत्-प्रत्यारोपण मोठ्या प्रमाणावर होत असल्याने अशा सिरा जोडण्याचा हातखंडा असलेले शल्यविद आपल्याकडेही आहेत.

आता फलितांकडे वळू. अमेरिकेतील हेमिंग व सहकाऱ्यांनी यकृत् व अधोमहासिरा एकत्र छेदलेल्या २२ रुग्णांचा वृत्तान्त २००४ मध्ये दिला. त्यांतील दोघे शस्त्रकर्माच्या काळात दगावले, पाच वर्षांची जीवितता ३३ टक्के आली. २०१३ मध्ये त्यांनीच ६० रुग्णांचा वृत्तान्त दिला. मृत्यू ८ टक्के, पाच वर्षांची जीवितता ३५ टक्के. जपानमधील नागोया येथील नागिनो यांच्या पथकाने यकृत्-द्वाराशी असलेल्या पित्तवाहिनीच्या कर्करोगात प्रतिहारिणी सिरा आणि याकृती धमनी या दोहोंचे छेदन व पुनर्जोडणी केलेल्या ५० रुग्णांचे फलित २०१० मध्ये मांडले. एक रुग्ण दगावला, निम्म्याहून अधिकांस उपद्रव झाले, पाच वर्षांनी सुमारे ३० टक्के हयात होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या पित्तमार्गाच्या कर्करोगात दोन औषधांच्या केमोथेरपीनेही मध्यमान आयुष्य ११.७ महिनेच आढळले होते. हे दोन रुग्णगट सारखे नव्हेत, तेव्हा आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. तरीही अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

या आकड्यांनी कोणी हुरळून जाऊ नये, असेही आम्हांस तितक्याच स्पष्टपणे सांगावयाचे आहे. बारांत एक रुग्ण दगावणे ही लहान बाब नव्हे. हे वृत्तान्त निवडक रुग्णांचे, निवडक केंद्रांतील आहेत. आपल्याकडील यकृत्-कर्करोगाचे पुष्कळ रुग्ण सिरोसिसने आधीच जर्जर असतात. त्यांना हे शस्त्रकर्म झेपणारे नसते. प्रतिहारिणी सिरेत अर्बुदाचाच गोळा शिरला असेल तर युरोपीय मार्गदर्शन औषधोपचाराकडे झुकते, जपानी शल्यविद निवडक रुग्णांत छेदनही करतात. हा वाद मिटलेला नाही. शिवाय चिकटलेली दिसणारी प्रत्येक वाहिनी कापावीच लागते असेही नाही. मिलान येथील तोर्झिली यांच्या पथकाने गाठ वाहिनीवरून अलगद सोडवूनही काही प्रकारच्या अर्बुदांत समाधानकारक फलित दाखविले आहे.

मग शेऱ्याचा अर्थ काय घ्यावा? अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी सुश्रुताचार्यांनी जो विवेक सांगितला तो येथे जसाच्या तसा लागू पडतो: कर्म न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास संशय, म्हणून अधिकारी व्यक्तीस विचारून, संमती घेऊन कर्म करावे. साध्यासाध्यता चिकित्सेच्या चार पादांवर ठरते. भिषक् आणि द्रव्य बदलले की तीही बदलते. सामान्य शल्यविदाने लिहिलेले 'अशक्य' आणि यकृत्-शल्यविदांच्या पथकाने तीन टप्प्यांचा सी.टी. स्कॅन पाहून लिहिलेले 'अशक्य' यांत महदंतर आहे. पहिल्या प्रकारचा शेरा घेऊन आलेल्या रुग्णास काढा लिहून देण्यापूर्वी दुसरे मत घेण्यास पाठविणे हीच त्याची चिकित्सा, असे आमचे मत आहे. दुसऱ्या प्रकारचा शेरा असेल, तर रुग्णाची क्षुधा, निद्रा व बल सांभाळण्याचे काम वैद्याने यथाशक्ती करावे; पण गाठ विरघळविण्याचे आश्वासन देऊ नये.

पहिली भेट मात्र पूर्णतः आपल्या हाती असते. तिळाच्या पेंडीसारखा पांढुरका मल, हळदीसारखे पिवळे मूत्र ही शाखाश्रित कामलेची लक्षणे चरकाचार्यांनी मार्गावरोधाशी जोडली, ती उगाच नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णात, वेदनेवाचून वाढत जाणाऱ्या अशा कामलेत सोनोग्राफीवाचून दोन आठवडे भूम्यामलकी वा आरोग्यवर्धिनी देत बसणे आम्हांस मुळीच मान्य नाही. नाकात देवडांगरीचे थेंब टाकून कावीळ उतरवणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. वेळ दवडणाऱ्या पदवीधरास वेगळे माप कसे लावावे? आणखी एक बाब. पित्तमार्गात स्टेंट घालण्यापूर्वीच सी.टी. झालेला बरा, नंतर अवरोधाच्या जागेचे चित्र गढूळ होते आणि शल्यविदास वाहिन्यांचा निवाडा करणे जड जाते.

औषधविक्रेत्या बंधूंनाही यात वाटा आहे. यकृत् अर्धेअधिक काढलेल्या रुग्णाचे नातेवाईक महिन्याभरात दुकानी येऊन 'लिव्हरचे काहीतरी चांगले द्या' म्हणतात. वाढीस लागलेले यकृत् त्या काळी नाजूक असते आणि त्यातील कोणता बिघाड शस्त्रकर्माचा व कोणता द्रव्याचा हे ठरविणे दुष्कर होते. २०२१ मध्ये मुंबईतून गुडूचीसेवनानंतरच्या यकृत्-विकाराचे सहा रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. तो वाद कसाही निकाली निघो, नुकतेच छेदन झालेल्या यकृतावर त्याची परीक्षा पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या शरीरात कृत्रिम नळी बसवली आहे त्यांना पुष्कळदा ॲस्पिरिन वा अन्य रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असते. अशांस गुग्गुळाचे कल्प, लसणाचे अर्क किंवा हळदीच्या केंद्रित गोळ्या शल्यविदास न विचारता देऊ नयेत. पिप्पली-मरिचयुक्त कल्पांनी इतर औषधांचे शोषण बदलू शकते, हेही ध्यानी असावे. ग्राहकाने यकृताचे औषध मागताच, गेल्या वर्षभरात पोटाचे काही शस्त्रकर्म झाले आहे काय आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर होकारार्थी आल्यास बाटली परत फडताळात ठेवून शस्त्रकर्म झालेल्या रुग्णालयाचा कागद मागावा.